ऑइल फिल्टर दर वेळी बदलायचाच, आणि सकाळची खडखडही बहुतेक त्याचीच

ताई, तुम्ही जे विचारलंय ते आधी एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमची छोटी पेट्रोल गाडी, सत्तर हजारच्या पुढे चाललेली, गेल्या सर्व्हिसला ऑइल बदललं पण फिल्टर तोच ठेवला, मेकॅनिक म्हणाला "फिल्टर तो अभी चलेगा, अगली बार देखेंगे". तुमचे बाबा पण म्हणतात की आमच्या वेळी फिल्टर एक सोडून एक वेळीच बदलायचे. आणि आता थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड येते मग आपोआप बंद होते, दिवसभर परत येत नाही. तर फिल्टर बदलायला हवा होता का, आवाजाचा त्याच्याशी संबंध आहे का, आणि घरी अंगणात हे काम जमेल का.

फिल्टर बदलायलाच हवा होता. आवाजाचा संबंध असण्याची शक्यता खूप आहे. आणि घरी जमेल, फक्त गाडीखाली शिरायची सोय नीट असली पाहिजे. आता सविस्तर सांगतो, कारण इंदूरला गॅरेज चालवताना मी बघतो की लोक ऑइलच्या ब्रँडवर अर्धा तास वाद घालतात आणि फिल्टर मात्र "जो लगता हो लगा दो", आणि इंजिन खराब होण्याची सुरुवात कितीतरी वेळा इथेच होते.

फिल्टर बसतो कुठे ते बघा. ऑइल इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, म्हणजे चेंबरमधे असतं, तिथे पंपाच्या तोंडाला एक जाळी असते, ती फक्त मोठी घाण अडवते, म्हणजे गॅस्केटचा तुकडा, कार्बनचा खडा असं काही. जाळीतून पंप ऑइल ओढतो, पंपातून ते फिल्टरमधे जातं आणि फिल्टरमधून मेन गॅलरीत (ऑइल पुढे वाटणारा मुख्य मार्ग), तिथून क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) बेअरिंगं, बिग एंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली बेअरिंगं), कॅम (इंजिनाचे वॉल्व्ह उघडणारा दांडा), टायमिंग चेनचा टेन्शनर (कॅम फिरवणारी चेन ताणून धरणारा), टर्बो असेल तर टर्बो. म्हणजे पंप सोडला तर बाकी सगळीकडे जाणारं ऑइल फिल्टरमधूनच जातं, आणि हायवेच्या स्पीडला चेंबरमधलं सगळं ऑइल मिनिटाला कितीतरी वेळा त्यातून फिरून येतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधे जी जागा असते ती साधारण २० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जोर पडतो तेव्हा मधला ऑइलचा थर याच्याहूनही कितीतरी पातळ होतो, काही मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्या पातळ थरापेक्षा जाड असा एक कडक कण आत शिरला की तो बेअरिंगच्या मऊ धातूत रुततो आणि क्रँकवर रेघ मारत बसतो. डोळ्याला न दिसणारी घाणच इंजिन खाते.

आणि ही घाण येते सगळीकडून. इंजिनाचा स्वतःचा झिजून पडणारा कीस, जळलेल्या इंधनाची काजळी, ऑइल जास्त तापून बनलेला चिकट गाळ, कुणीतरी चेंबर बसवताना भसाभसा लावलेल्या सिलिकॉनचे सुटलेले तुकडे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरची धूळ. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात उडते ती किती बारीक असते ते खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून बघा. ही धूळ ऑइल फिल्टरपर्यंत येते ती एअर फिल्टरच्या चुकीमुळे. एअर फिल्टरचा डबा नीट क्लिप न होणं, रबर चिरलेलं असणं, किंवा एअर फिल्टर हवा मारून मारून इतका जुना केलेला की कागदच फाटलेला. म्हणून ऑइल बदलाल तेव्हा एअर फिल्टरचा डबा उघडून आतून बोट फिरवाच, धूळ लागली तर आधी ते निस्तरा.

फिल्टर काय करत नाही ते पण समजून घ्या. ऑइलमधे मिसळलेलं पेट्रोल, पाणी, ॲसिड, संपत आलेली ॲडिटिव्हं (ऑइलमधे मिसळलेली संरक्षक रसायनं) यातलं काहीही कागदात अडकत नाही. काजळीचा अगदी बारीक कण तर एक मायक्रॉनहूनही लहान असतो, तोही आरपार जातो, म्हणूनच डिझेल गाडीत नवीन ऑइल टाकल्यावर थोड्याच अंतरात काळं दिसायला लागतं आणि लोक फोन करतात की तुम्ही ऑइल बदललंच नाही. काळा रंग म्हणजे फिल्टर खराब असं नसतं. आणि उलटही खरं, सीएनजीवरच्या गाडीत ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं म्हणून लोक तारीख पुढे ढकलत राहतात, पण उष्णतेने ऑइल आतून म्हातारं होतच असतं, रंग बघून काही ठरवू नका.

आता मुख्य गोष्टीवर येतो. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे डब्यात घडी करून ठेवलेला कागद. कागद महत्त्वाचा आहेच, पण स्वस्त आणि चांगल्या फिल्टरमधला खरा फरक मी बघितलाय तो आतल्या दोन वॉल्व्हमधे, आणि तुमचा आवाज त्यातल्या एकाशी जोडलेला आहे असं मला वाटतं.

नवीन डबा फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा. मधे आट्यांचं मोठं भोक, आणि त्याच्या भोवती गोल छोटी छोटी भोकं. ऑइल छोट्या भोकांतून आत जातं, कागदाच्या बाहेरच्या बाजूने आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात जातं. आता त्या छोट्या भोकांत डोकावलं तर आत एक रबराची चकती दिसेल, काळी किंवा नारिंगी-लाल. हा अँटी ड्रेनबॅक वॉल्व्ह. ऑइल आत येताना ही चकती दबून वाट देते, आणि इंजिन बंद झालं की भोकांवर चिकटून बसते म्हणजे फिल्टरमधलं ऑइल उलटं पंपातून चेंबरमधे उतरून जाऊ नये. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर डब्यातलं ऑइल तसंही डब्यातच राहतं, पण आडवा किंवा तोंड खाली असेल तर सगळी भिस्त या चकतीवर. आणि तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीत तो इंजिनाच्या अंगाला आडवा बसलेला आहे.

साधं काळं रबर असतं ते नायट्राइल, गरम ऑइलमधे महिनोन्महिने राहून ते हळूहळू कडक होतं. कडक झालं की भोकांवर नीट टेकत नाही, मग रात्रभर गाडी उभी राहते तेव्हा ऑइल थेंबाथेंबाने उतरून जातं आणि सकाळी फिल्टर बराचसा रिकामा. तुम्ही चावी फिरवता, पंप आधी रिकामा डबा भरतो, मग पुढे गॅलरीत प्रेशर बनतं. तेवढे दोन-तीन सेकंद कॅम आणि बेअरिंगं कालच्या उरलेल्या ओलाव्यावर फिरतात, चेनच्या टेन्शनरला ऑइलचं प्रेशर नसतं म्हणून चेन सैल राहून आपटते, तीच तुमची खडखड. प्रेशर आलं की आवाज बंद. सिलिकॉनची चकती असेल तर ती जास्त काळ मऊ राहते, चांगले फिल्टर बनवणारे तीच वापरतात, बऱ्याचदा ती नारिंगी किंवा लाल असते, पण निव्वळ रंगावर जाऊ नका, नकली वाल्यांनाही रंग करता येतो. बोटाने किंवा माचिसच्या काडीने हळूच दाबून बघा, लवचिक पाहिजे आणि सोडल्यावर परत जागेवर यायला पाहिजे.

तुमचा फिल्टर दोन सर्व्हिसचा जुना आहे, म्हणजे वर्षभराच्या वर सहज झालं असेल. आवाज फक्त रात्रभर उभी राहिल्यावर येतो आणि दुपारी दोन तास थांबून निघालात तर येत नाही, हे वर्णन ड्रेनबॅकशी अगदी जुळतं. पण खात्रीच आहे असं मी म्हणणार नाही, कारण चेन लांबली असेल किंवा टेन्शनरच थकला असेल तरी सुरुवात अशीच होते, आणि ऑइल कमी असेल किंवा पुस्तकात सांगितलंय त्याहून जाड घातलं असेल तरी थंडीत असा आवाज येतो. म्हणून क्रम असा ठेवा, आधी ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल बघा, मग बिलावर ऑइलचा ग्रेड बघा, गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना "गाडी पुरानी हो गई, गाढ़ा डालो" म्हणून कुणी त्याहून बरंच जाड २०डब्ल्यू-५० घातलं असेल तर ते पण कारण असू शकतं. हे दोन्ही ठीक असेल तर ओरिजिनल फिल्टर घालून बघा, आवाज गेला तर गोष्ट दोनशे-तीनशे रुपयांत मिटली. नाही गेला तर मेकॅनिककडून ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून प्रेशर मोजून घ्या आणि मग चेनकडे वळा. आधीच कुणी चेन किट बदला म्हणून हजारो रुपये सांगत असेल तर थांबा. मात्र आवाज वाढत जाऊन दहा-पंधरा सेकंद राहायला लागला, किंवा सुरू केल्यावर लाल ऑइलचा दिवा विझायला वेळ लागायला लागला, तर मग वाट बघू नका, गाडी चालवूच नका.

दिव्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात फिल्टर चोक झाला असता तर दिवा लागला असता. नाही लागत. का ते सांगतो, हा दुसरा वॉल्व्ह.

फिल्टरच्या आत, कुठे तळाला कुठे तोंडाजवळ, एक स्प्रिंगचा वॉल्व्ह असतो, बायपास. कागदाच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, बहुतेक गाड्यांत साधारण एक-दीड बार (बार हे प्रेशर मोजायचं माप), की तो उघडतो आणि ऑइल न गाळता सरळ इंजिनात जातं. हे मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण घाणेरडं ऑइल मिळणं हे ऑइलच न मिळण्यापेक्षा बरं. कडाक्याच्या थंडीत जाड झालेलं ऑइल असेल आणि तुम्ही लगेच जोरात रेस केलं तर थोडा वेळ तो उघडू शकतो, आणि कागद गच्च भरला असेल तर तो जवळजवळ उघडाच राहतो. प्रेशर स्विच फिल्टरच्या पुढे असतो, त्याला प्रेशर मिळतंय, तो गप्प. शिवाय तो दिवा लागतो तेव्हा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेलेलं असतं, तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणजे फिल्टर भरून महिने झाले तरी गाडी एकही इशारा देत नाही, तुम्ही मजेत फिरता आणि इंजिन न गाळलेल्या ऑइलवर चालतं. यासाठीच मी म्हणतो की फिल्टर तारखेने आणि किलोमीटरने बदलायचा, लक्षणांची वाट बघायची नाही.

याच्यातूनच दुसरा मुद्दा निघतो. आपल्याकडे इंदूरच्या छोटी ग्वालटोलीकडे पार्ट घ्यायला जाता तेव्हा काउंटरवर "ये भी लग जाएगा" हे वाक्य ऐकू येतंच. आटे जुळले, रबर जुळलं, की लग जाएगा. खरंच लागतो पण. कितीतरी गाड्यांना एकाच आट्याचा फिल्टर बसतो. पण काही इंजिनांत बायपास वॉल्व्ह ब्लॉकमधेच असतो आणि फिल्टरमधे नसतो, काहींत फिल्टरमधेच पाहिजे असतो, आणि उघडायचं प्रेशरही वेगवेगळं. चुकीचा लावला तर एकतर बायपासच नाही, म्हणजे कागद भरला की ऑइल अडलं किंवा कागद फाटून त्याचे तुकडे गॅलरीत गेले, नाहीतर बायपास इतका हलका की निम्मा वेळ उघडाच. म्हणून पार्ट नंबर जुळवूनच घ्या, जुन्या डब्यावरचा नंबर फोटो काढून न्या किंवा गाडीचा चेसिस नंबर सांगून नंबर काढून घ्या. कंपनीचा ओरिजिनल किंवा नावाजलेल्या फिल्टर बनवणाऱ्याचा, बिलासकट, ओळखीच्या दुकानातून. खोक्याची छपाई फिकट, डब्यावर बॅच नंबर नाही, रबराचं रिंग सैल, हलवल्यावर आत काही वाजतंय, तर परत करा. पाकिटावर "१० मायक्रॉन" असं मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून भुलू नका, किती मायक्रॉनचे किती टक्के कण पकडतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, ते मोजायची पद्धत ठरलेली आहे, आयएसओ ४५४८-१२ म्हणून, चांगले बनवणारे तिचा हवाला देऊन टक्केवारी सांगतात.

बाबांचं म्हणणं पण चुकीचं नव्हतं बरं का, त्यांच्या काळासाठी. तेव्हा ऑइल तीन-पाच हजार किलोमीटरला बदलायचे, ऑइल साधं खनिज असायचं, त्यामुळे ऑइलचं आयुष्य आधी संपायचं आणि फिल्टरमधे जागा शिल्लक राहायची, काही गाड्यांच्या पुस्तकातच एक सोडून एक लिहिलेलं असायचं. त्याच्याही मागे गेलात तर गाड्यांना फिल्टरच नसायचा, नुसती जाळी. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँडने प्युरोलेटर काढला तेव्हापासून गाडीला ऑइल फिल्टर लावायची खरी सुरुवात झाली, आणि सुरुवातीचे फिल्टर तर थोडंसंच ऑइल गाळायचे, बाकीचं तसंच इंजिनात. आज पेट्रोल गाडीत ऑइल बऱ्याचदा दहा हजार किंवा एक वर्ष चालवतात, म्हणजे फिल्टरने तेवढा सगळा काळ आधीच काम केलेलं असतं. एक सोडून एक म्हणजे वीस हजार किंवा दोन वर्षं, तेवढं त्या कागदाकडून आणि त्या रबराकडून मागणं चुकीचं आहे. शिवाय जुन्या डब्यात पाव लिटरच्या आसपास जुनं काळं ऑइल अडकलेलं असतं, तीन लिटर नवीन ऑइलमधे ते पहिल्याच सेल्फला मिसळतं. ऑइलवर दीड-दोन हजार खर्च करून फिल्टरचे दोनशे वाचवायचे, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

आता दहा हजार की आधी, हे तुमच्या चालवण्यावर आहे. राऊहून रोज पीथमपूरला नोकरीला जाणाऱ्याची गाडी एका लयीत चालते, इंजिन पूर्ण तापतं, ऑइलमधलं पाणी-पेट्रोल उडून जातं, त्याला पुस्तकातला आकडा ठीक आहे. पण टिळक नगरहून राजवाड्यापर्यंत जायचं, मारोठिया बाजारात गाडी लावायला जागा शोधत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे रांगायचं, घरी यायचं, आणि मीटरवर दिसतात जेमतेम आठ-दहा किलोमीटर, अशा गाडीचं इंजिन किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त तास चाललेलं असतं. पुस्तकात मागे कठीण वापराचा तक्ता दिलेला असतो, तो कुणी वाचत नाही, त्यात हाच वापर बसतो. अशांना मी साडेसात हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं सांगतो. गाडी वर्षात तीनच हजार चालली असेल तरी वर्षाला बदलायचं, रबर आणि ऑइल घड्याळानेही म्हातारं होतं. डिझेल, आणि त्यातही २०२० नंतरची बीएस-६ (धुराचे नवे कडक नियम पाळणारी), त्यात एक्झॉस्टची काजळी गाळणारा डीपीएफ असतो, तो साफ होताना थोडं डिझेल ऑइलमधे उतरू शकतं, म्हणून त्यांनी पट्टीवर लेव्हल वाढतेय का तेही बघत राहायचं आणि ऑइल पुस्तकात लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घालायचं.

आता काम. इंजिन कोमट करा, पाच-सात मिनिटं चालवून बंद करून थोडं थांबा, उकळतं ऑइल हातावर आलं तर कातडी सोलते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, पहिल्या गिअरमधे, मागच्या चाकांना अडण. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, विटा किंवा लाकडाचे ठोकळे रचून तर मुळीच नाही, दोन लोखंडी स्टँड पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, नाहीतर हे काम गॅरेजलाच करा, समोर उभं राहून करून घ्या. ऑइल भरायचं वरचं झाकण उघडा म्हणजे ऑइल पटकन उतरतं, चेंबरचा ड्रेन नट बसता बरोबर पाना लावून सोडा, चुकीच्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी डोकं फुटतं. ऑइल निथळू द्या, वायसर नवीन टाका, नट हाताने आट्यात बसवून मग पुस्तकातल्या टॉर्कने (किती जोर लावून आवळायचं त्या आकड्याने) आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे पाइप लावून आवळणाऱ्यांनी किती उडवलेत ते मला विचारा.

फिल्टर हाताने सुटला तर उत्तम, नाहीतर पट्ट्याचा किंवा टोपीचा फिल्टर पाना लावा. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची पद्धत बघितली असेल, नका करू, डबा फाटतो आणि वरची चकती इंजिनालाच चिकटून राहते, मग खरी फजिती. आडवा फिल्टर सुटताना ऑइल सांडणारच, खाली ट्रे आणि जुना कपडा ठेवा, सायलेन्सरवर पडलं तर पुसून घ्या नाहीतर धूर होईल आणि तुम्ही घाबराल.

आणि आता हे नीट वाचा. जुना फिल्टर हातात आला की पहिलं काम म्हणजे त्याच्या तोंडाचं रबरी रिंग त्याच्यावरच आहे ना ते बघायचं. कधी कधी ते इंजिनाला चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवीन फिल्टर बसतो, दोन रिंगं एकावर एक. सुरुवातीला काहीही गळत नाही. एक गाडी माझ्याकडे टो करून आली होती, आदल्या दिवशी बाहेर कुठेतरी सर्व्हिस झालेली, कुटुंब ओंकारेश्वरला निघालेलं, सिमरोलच्या पुढे घाटात चढाला इंजिनावर जोर आला तसं वरचं रिंग सटकलं आणि बघता बघता सगळं ऑइल रस्त्यावर. चालवणाऱ्याने दिवा बघितला पण घाटात थांबायला जागा नाही म्हणून पुढे नेली, त्या तेवढ्या अंतरात बिग एंडची बेअरिंगं गेली आणि क्रँक घासायला द्यावा लागला. आतलं बसायचं तोंड स्वच्छ कपड्याने पुसून बोट फिरवायला काही सेकंद लागतात, ते दर वेळी करा. आणि लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर जागा असो नसो, बाजूला घेऊन इंजिन बंद.

नवीन रिंगला बोटाने नवीन ऑइल चोपडा, कोरडं रिंग आवळताना पिळवटतं. फिल्टर उभा बसत असेल तर आधी थोडं ऑइल भरू शकता, पण छोट्या भोकांतून भरा, मधल्या भोकातून नाही, कारण मधली बाजू गाळलेल्या ऑइलची असते. तुमचा आडवा आहे, भरलंत तर अर्धं सांडेल, तसाच लावा. हाताने फिरवत न्या, आटे सरळ लागलेत याची खात्री करा, रिंग टेकलं की तिथून हातानेच पाऊण फेरा. डब्यावरच लिहिलेलं असतं बहुतेक, तिथे वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. आवळायला पाना लावू नका, पाना फक्त काढायला. जास्त आवळलेला फिल्टर जास्त पक्का होत नाही, रिंग चेपून खराब होतं आणि पुढच्या वेळी काढणाऱ्याला शिव्या सुचतात.

काही गाड्यांत, खास करून बऱ्याच डिझेलमधे, डबा नसतो, प्लास्टिकच्या टोपीखाली नुसता कागदाचा फिल्टर असतो. तिथे टोपीचं ओरिंग दर वेळी बदलायचं, नवीन फिल्टरच्या खोक्यात ते येतंच, कुठे दांड्यावर एक छोटं ओरिंग पण असतं ते खोक्यातच विसरतात. टोपीवर टॉर्क कोरलेला असतो, बऱ्याच ठिकाणी २५ न्यूटन मीटर, त्याच्यावर गेलात की टोपी तडकते.

नवीन ऑइल पुस्तकात फिल्टरसकट जी मात्रा दिलीय त्याच्यापेक्षा थोडं कमी घाला, सुरू करा, रेस न करता दिवा विझायची वाट बघा, चार-पाच सेकंद लागतील कारण डबा रिकामा आहे. मिनिटभर चालवा, खाली टॉर्च मारून फिल्टर आणि नट बघा, बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघून दोन खुणांच्या मधे वरच्या बाजूला लेव्हल आणा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, क्रँक ऑइलमधे आपटून फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी खाली डाग पडलाय का ते परत बघा. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, मग पुढच्या वेळी "बदला है साहब" म्हणून कुणी सांगितलं तरी तुम्हाला बघून कळेल.

ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी जुना फिल्टर कापून बघावा, मी तर जुन्या इंजिनांचे नेहमी कापतो. ब्लेडने कापू नका, ब्लेडचाच कीस आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं, डबा कापायचं कटर मिळतं. कागद उलगडून उन्हात धरा. काळी काजळी ठीक, थोडी बारीक चकाकी जुन्या इंजिनात चालते. पण रांगोळीतल्या चमकीसारखे कण सगळ्या घड्यांत दिसले, तर लोहचुंबक लावून बघा, चिकटले तर लोखंड, म्हणजे चेन, कॅम, रिंगा, पंप यातलं काही. नाही चिकटले आणि तांबूस-पितळी दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा निघायला लागलाय. ही बातमी आवाज सुरू व्हायच्या कितीतरी आधी मिळते आणि तेव्हा काम बेअरिंगवर निभावतं. फिल्टर पेट्रोलने धुऊन परत लावणारे अजूनही भेटतात, कागदाच्या आतली घाण धुतल्याने निघत नाही, उलट चिकटवलेल्या घड्या सुटतात, ते करू नका.

शेवटी जुनं ऑइल. फिल्टर भोकं खाली करून रात्रभर ट्रेवर निथळत ठेवा, त्यातून बरंच निघतं. सगळं ऑइल त्याच रिकाम्या कॅनमधे भरून घट्ट बंद करा, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, आणि जो गॅरेजवाला वापरलेलं ऑइल रीसायकलवाल्याला देतो त्याच्याकडे द्या, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं आणि ते अधिकृत रीसायकलरकडेच जायला पाहिजे. वाळवीसाठी दारं-खिडक्यांना फासायची जुनी सवय पण सोडा, त्यात जड धातू असतात आणि घरात लहान मुलं हात लावतात. नालीत तर अजिबातच नाही, इथली नाली कान्ह नदीत जाते आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. निथळलेला डबा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता कॅनबरोबर गॅरेजलाच द्या, ते लोखंड भंगारात जातं.